डोंगराचा चाकू, समुद्राचा चाकू: दणकट पाते कसे निवडावे

न मिटणाऱ्या चाकूला, बाजारात ज्याला फिक्स्ड ब्लेड म्हणतात त्याला, बिजागरी नसते, स्प्रिंग नसते आणि खटकाही नसतो. टोकापासून मुठीपर्यंत पोलादाचा एकच तुकडा असतो. त्यामुळे लाकूड चिरणे, दोर कापणे, ओल्या किंवा गारठलेल्या हातांनी काम उरकणे अशा वेळी मिटणाऱ्या चाकूपेक्षा तो भरवशाचा ठरतो. ट्रेकिंग करणारे आणि नव्याने स्कूबा शिकणारे वाचक त्याबद्दल वारंवार एकच प्रश्न विचारतात: जंगलातही चालेल आणि पाण्याखालीही चालेल असा एकच दणकट चाकू कोणता?

बहुतेकांसाठी असा चाकू नाही. डोंगरावर पात्याला घाव सोसायचे असतात, समुद्रात मीठ सोसायचे असते. पोलादाकडून या दोन्ही गोष्टी एकदम मागितल्या की एक मिळवण्यासाठी दुसरी सोडावी लागते, किंवा मग पैसे बरेच मोजावे लागतात. ही तडजोड नीट समजली की निवड सोपी होते.

कडक आणि चिवट: गोंधळ इथून सुरू होतो

जाहिरातीत ‘हार्ड’ आणि ‘टफ’ हे शब्द एकाच अर्थाने फेकलेले असतात. ते दोन वेगळे गुण आहेत. कडकपणा म्हणजे पोलादावर ओरखडा किंवा खळगा पडण्याला होणारा विरोध. तो रॉकवेल सी या मोजपट्टीवर सांगतात आणि चांगल्या चाकूंचा आकडा सहसा 54 ते 62 च्या दरम्यान असतो. आकडा चढा असेल तर धार जास्त काळ टिकते. चिवटपणा म्हणजे घाव बसल्यावर तो न तुटता पचवण्याची ताकद. एकाच पोलादाचा कडकपणा वाढवला की त्याचा चिवटपणा बहुधा घटतो.

याची दोन उदाहरणे प्रत्येकाने पाहिलेली आहेत. कानस अतिशय कडक असते, पण दगडावर जोरात आपटली तर तिचे तुकडे होतात. ट्रकचा कमानपाटा कानशीपुढे मऊ असतो, तरी वर्षानुवर्षे खड्ड्यांचे हादरे सोसतो. गावोगावचे लोहार जुन्या पाट्यांपासून कोयते घडवतात ते याच कारणाने. लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतो त्यात पाते आधी तापवून झटकन थंड करून कडक करायचे आणि मग हलक्या आचेवर थोडे उतरवून चिवट करायचे, अशी सगळी करामत आहे. पोलादाचे नाव कितीही मोठे असले तरी पाणी बिघडले असेल तर ते पाते वाया गेलेले असते. म्हणून पोलादाच्या नावाबरोबर कडकपणाचा आकडाही सांगणारा उत्पादक जास्त विश्वासाचा समजावा. डोंगरावर घाव सोसणाऱ्या पात्याला साधारण 56 ते 59 हा आकडा पुरेसा आहे.

‘स्टेनलेस’ लिहिलेले पातेही गंजते

पोलादात क्रोमियम किमान 10.5 टक्के असेल तर त्याला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो गंज रोखतो. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातले क्लोराइड हा थर जागोजागी भेदते आणि पात्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडू लागतात. दुसरी अडचण पोलादाच्या पोटातली आहे. धार टिकावी म्हणून कार्बन वाढवला की तो क्रोमियमला बांधून घेतो, आणि संरक्षण करायला मोकळे क्रोमियम कमी उरते. म्हणजे धार आणि गंजरोध एकमेकांच्या वाटणीतून खातात.

दुकानात आणि संकेतस्थळांवर भेटणारी पोलादे ढोबळमानाने अशी आहेत:

- साधे कार्बन पोलाद, उदाहरणार्थ 1095. यात कार्बन सुमारे 0.95 टक्के. ते चिवट असते, स्वस्त असते आणि साध्या दगडावरही त्याला झटपट धार लागते. गारगोटीवर ठिणगीही पाडते. मात्र कोकणातल्या पावसाळ्यात न पुसता ठेवले तर एका रात्रीत तांबूस पडते, आणि समुद्रात नेण्यासारखे तर ते मुळीच नाही.
- 420 जातीचे स्टेनलेस. कार्बन कमी, क्रोमियम 12 ते 14 टक्के. स्वस्त डायव्हिंग चाकू बहुधा याच किंवा याच्या जवळच्या पोलादाचे असतात. गंज कमी, पण धार लवकर बोथटते.
- 440सी. कार्बन 0.95 ते 1.20 टक्के, क्रोमियम 16 ते 18 टक्के. धार चांगली टिकते, समुद्रात मात्र काळजी घ्यावी लागते. पात्यावर नुसते ‘440’ कोरलेले असेल तर ते ए, बी की सी हे विचारून घ्या, कारण 440ए मध्ये कार्बन बराच कमी असतो आणि फरक इथेच लपवला जातो.
- नायट्रोजनयुक्त पोलादे: जपानी एच1, एलसी200एन आणि 2021 साली बाजारात आलेले मॅग्नाकट. पहिल्या दोन्हींत कार्बनचे बरेचसे काम नायट्रोजन करते, त्यामुळे क्रोमियम मोकळे राहते. एच1 आणि एलसी200एन खाऱ्या पाण्यात जवळजवळ गंजत नाहीत. मॅग्नाकट चिवटपणा, धार आणि गंजरोध या तिन्ही बाबतींत वरच्या पायरीवर आहे, आणि किमतीतही.
- टायटॅनियम. समुद्रात अजिबात गंजत नाही, हलके असते, लोहचुंबकाला चिकटत नाही. पण पोलादाएवढे कडक होत नाही, म्हणून साध्या धारेचे टायटॅनियम पाते लवकर बोथटते. दाते असलेले घेतले तर डायव्हिंगला उपयोगी पडते.

काही विक्रेते लोहचुंबक लावून दाखवतात आणि ‘चिकटले नाही म्हणजे अस्सल स्टेनलेस’ असे सांगतात. चाकूच्या बाबतीत ही परीक्षा उलटी पडते. कडक करता येणारी चाकूची बहुतेक स्टेनलेस पोलादे चुंबकाला चिकटतात. न चिकटणारे स्वस्त पाते बहुधा ताटवाट्यांच्या मऊ पोलादाचे असते आणि त्याला टिकाऊ धार येतच नाही.

डोंगरासाठी: पात्याआधी मूठ पाहा

चाकू मोडतो तो बहुतेक वेळा पात्यात मोडत नाही, पाते मुठीत शिरते त्या जागी मोडतो. मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीने गेलेले पोलाद, ज्याला फुल टँग म्हणतात, ते सर्वांत भक्कम. मुठीच्या दोन फळ्यांमध्ये पोलादाची पट्टी कडेने दिसते, त्यावरून ते ओळखता येते. मुठीत अर्ध्यापर्यंत गेलेले पोलादही प्रामाणिकपणे बनवलेले असेल तर पुष्कळ काम देते. स्वीडनमधल्या मोरा गावाचे साधे चाकू याचा पुरावा आहेत. धोका आहे तो खिळ्याएवढी बारीक दांडी मुठीत खुपसलेल्या चाकूंचा.

पोकळ मुठीचे, टोपणात होकायंत्र आणि आत काडेपेटी असलेले चाकू 1982 च्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटानंतर जगभर पसरले. चित्रपटातला मूळ चाकू जिमी लाइल या अमेरिकन कारागिराने घडवला होता आणि तो कसदार होता. बाजारातल्या स्वस्त नकलांमध्ये पाते पोकळ नळीला एका बोल्टाने अडकवलेले असते. दोन-चार घावांत ते सुटते आणि उडालेले पाते कुणालाही लागू शकते. असा चाकू घेऊ नका, भेट म्हणून आला तर शोकेसमध्ये ठेवा.

आकाराच्या बाबतीत नवशिक्यांचा कल मोठ्याकडे असतो. पाते 10 ते 13 सेंटिमीटर, जाडी 3 ते 4 मिलिमीटर एवढे बस्स होते. याहून लांब पात्याने लाकडाला टोक काढणे, दोर कापणे, कांदा चिरणे ही रोजची कामे अवघड होतात. जाडी 5 मिलिमीटरच्या वर गेली की चाकू कापण्याऐवजी पाचर ठोकल्यासारखा वागतो. पाठीची कडा काटकोनी आणि तीक्ष्ण असावी, म्हणजे ठिणगी पाडण्याची कांडी तिच्यावर घासता येते. पाठीवरचे करवतीचे दाते मात्र टाळावेत. त्यांनी लाकूड कापले जात नाही, आणि पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड चिरायचे असेल तर ते दांडकेच खातात.

सह्याद्रीतल्या करवंदीच्या जाळ्या, कारवी, वाटेवर आडवे आलेले बांबू यांच्यासाठी कोणताही आयात केलेला सर्व्हायव्हल चाकू कोकणातल्या कोयतीची बरोबरी करत नाही. कोयतीचे वजन टोकाकडे असते आणि घाव आपोआप बसतो. परवानगी असलेल्या भागात खरोखर झाडोरा तोडायचा असेल तर कोयतीच न्यावी. चाकू बारीक कामासाठी ठेवावा.

समुद्रासाठी: हे अडकल्यावर सुटण्याचे साधन आहे

डायव्हिंगचा चाकू शार्कशी झुंजण्यासाठी असतो हा समज चित्रपटांनी रुजवला. खरा धोका असतो तुटून पाण्यात राहिलेल्या जाळ्यांचा, दोरांचा आणि तंगूसाचा. मालवण-तारकर्लीपासून गोव्याच्या ग्रँड बेटापर्यंत जिथे मासेमारी चालते तिथे ही सोडलेली जाळी खडकांना अडकून असतात. तंगूस पाण्यात जवळजवळ दिसत नाही. सिलिंडरच्या तोटीला, फिनच्या पट्ट्याला किंवा डायव्हिंगच्या संगणकाला तो अडकतो, आणि डायव्हर वळला की आणखी गुंडाळला जातो.

इथे वेळेचा हिशेब कठोर आहे. दर 10 मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. 20 मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणून पृष्ठभागावर तासभर पुरणारी हवा तिथे त्याच श्वासगतीने सुमारे 20 मिनिटे पुरते. घाबरून श्वास वाढला तर त्याहून कमी. म्हणून डायव्हिंगच्या चाकूत ताकदीपेक्षा पटकन हाती येणे आणि पहिल्याच झटक्यात कापणे महत्त्वाचे आहे.

- टोक बोथट किंवा छिन्नीसारखे सपाट असावे. टोकदार पात्याने स्वतःचा सूट, फुगवण्याचे जाकीट, हवेची नळी किंवा सोबत्याचा हात भोसकला जाण्याची भीती असते.
- धार एका बाजूला साधी आणि दुसऱ्या बाजूला दातेरी असेल तर उत्तम. जाड दोर दात्यांनी कापला जातो, तंगूस साध्या तीक्ष्ण धारेने. पात्यावर तंगूस ओढून कापण्यासाठी खाच असेल तर ती खरी कामाची.
- लांबी 7 ते 10 सेंटिमीटर पुरे. पोटरीला बांधलेला एक वीत लांबीचा चाकू फोटोत शोभतो, पाण्यात स्वतःच जाळ्यात अडकतो.
- जागा छातीवर किंवा पोटाजवळच्या पट्ट्यावर असावी. दोन्हीपैकी कोणत्याही हाताने चाकू निघाला पाहिजे. पोटरीलाच बांधायचा असेल तर आतल्या बाजूने बांधावा.
- मूठ रबर, पॉलिमर किंवा जी10 सारख्या थराच्या साहित्याची असावी. लाकूड फुगते. पितळेचे रिव्हेट पोलादाबरोबर खाऱ्या पाण्यात राहिले की दोन धातूंच्या संगतीने गंज वाढतो.
- म्यान प्लास्टिकचे, खाली पाणी गळायला भोक असलेले घ्या. चामडे खारे पाणी धरून ठेवते आणि पात्याला आतून खाते.

पुष्कळ मनोरंजनापुरत्या डायव्हर्सना चाकूपेक्षा लहान लाइन कटर जास्त उपयोगी पडतो. त्यात धार आत दडलेली असते, दोर फक्त खाचेत ओढायचा. रुग्णवाहिकेत वापरतात तसली बोथट टोकाची कात्रीही जाळी कापायला चाकूहून सरस, कारण ती एका हाताने चालते आणि दोर ताणून धरावा लागत नाही. एक कटर आणि एक चाकू किंवा कात्री अशी दोन साधने, शरीराच्या दोन वेगळ्या जागी, ही रचना सर्वांत सुरक्षित आहे.

अडकल्यास क्रम असा ठेवा:

1. थांबा. वळू नका, पाय मारू नका. श्वास संथ करा.
2. सोबत्याला खूण करा. पाठीमागे अडकले असेल तर सोबत्यालाच कापू द्या.
3. हाताने सोडवता येत असेल तर आधी तसा प्रयत्न करा.
4. कापताना दोर ताणून धरा, पाते शरीरापासून आणि नळ्यांपासून दूर ओढा.
5. मोकळे झाल्यावर तुटके टोक पुन्हा गुंतणार नाही याकडे लक्ष ठेवून बाजूला व्हा.

कायदा: घेणे सोपे, जवळ बाळगणे नाही

याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू आणि सुरे शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 4 खाली अधिसूचित भागांत अशा धारदार शस्त्रांना परवाना लागतो. वर सुचवलेली 7 ते 13 सेंटिमीटरची पाती या मापाच्या बरीच आत आहेत.

तेवढ्यावर विसंबू नये. महाराष्ट्रात पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश काढतात. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात ते वारंवार निघतात, आणि त्यात सुरे जवळ बाळगण्यालाही बंदी असते. उल्लंघन झाल्यास कलम 135 लागते. पात्याची लांबी तिथे बचावाला येत नाही. त्यामुळे चाकू कमरेला लटकवून एसटीत किंवा बाजारात फिरू नका. म्यानात घालून, कापडात गुंडाळून, सॅकच्या तळाशी इतर सामानाखाली ठेवा. मोहिमेचे पत्र किंवा डायव्हिंगचे बुकिंग जवळ असले तर पोलिसांना कारण दाखवता येते.

ट्रेकर्सना फारच कमी ठाऊक असलेली तरतूद वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मधली आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दात चाकूही येतो, आणि कलम 31 नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हाच नियम लागू आहे. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई, भीमाशंकर, कोयनेतला वासोटा ही सगळी ठिकाणे अभयारण्यांत येतात. तिथे जाण्याआधी वनविभागाच्या चौकीवर विचारा आणि सांगितल्यास चाकू ठेवून जा. मालवणचे सागरी अभयारण्यही 1987 पासून अधिसूचित आहे. तिथे चाकू न्यायचा की नाही हे डायव्हिंग केंद्राला आधी विचारून घ्या. प्रवाळाला पाते लावणे तर कुठेही गुन्हाच, कारण प्रवाळ या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

विमानात चाकू केबिनमध्ये चालत नाही, तो चेक-इन सामानात, पाते पूर्ण झाकून ठेवावा. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी तिथला कायदा वेगळा तपासावा. ब्रिटनमध्ये न मिटणारा चाकू सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी जवळ ठेवणे, पाते कितीही लहान असले तरी, गुन्हा आहे. मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या सागरी उद्यानात डायव्हर्सना चाकू न्यायलाच बंदी आहे.

खरेदी आणि तक्रार

दुकानात चाकू हातात घेता येत असेल तर मूठ घट्ट धरून पाते हलके दाबून पाहा. जराही हलले किंवा कटकट वाजले तर परत करा. धारेकडून डोळ्याच्या रेषेत पाहिले की पाते वाकडे असल्यास दिसते. म्यान उलटे करून हलवा, चाकू निसटता कामा नये.

ऑनलाइन खरेदीत पोलादाची नेमकी जात, कडकपणा, मूळ देश आणि विक्रेत्याचा पत्ता या चार गोष्टी पानावर शोधा. ‘सर्जिकल स्टील’, ‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दांना मोजण्याजोगा अर्थ नाही. विक्रेत्याची माहिती आणि मूळ देश देणे ई-वाणिज्य नियम 2020 खाली बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निराकरण एका महिन्यात करायचे असते. 440सी म्हणून विकलेले पाते महिन्याभरात गंजून चाळणी झाले, तर फोटो, बिल आणि त्या पानाची प्रत जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

निगा

समुद्रातून आल्यावर चाकू म्यानातून काढून दोन्ही गोड्या पाण्यात बुडवा, दात्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशने घासा, सावलीत पूर्ण वाळवा आणि पात्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. डोंगरावरच्या कार्बन पोलादाला शिवणयंत्राचे तेल पुरते; खाद्यपदार्थ कापायचे असतील तर खोबरेल वापरा. घरी ठेवताना चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका.

धार लावायला पाण्याचा दगड उत्तम. दारावर येणाऱ्या कोरड्या सहाणचाकावर पाते देऊ नये. ठिणग्या उडताना कडेला इतकी उष्णता होते की पोलाद निळे पडते, आणि निळे पडले की तेवढ्या भागाचे पाणी उतरले. ती धार पुन्हा कितीही घासली तरी टिकत नाही.

एकच घ्यायचा असेल तर

वर्षातून एखाद-दुसरे डायव्हिंग आणि बाकी ट्रेक असे असेल तर डोंगरासाठी 10 सेंटिमीटरचा साधा, भक्कम चाकू आणि समुद्रासाठी स्वस्तातला लाइन कटर हा सर्वांत शहाणा खर्च आहे. दोन्ही मिळून एका महागड्या ‘सर्वगुणसंपन्न’ चाकूपेक्षा कमी पैशांत होते. नौकेवर राहणारे, किनाऱ्यावर मुक्काम करणारे, कयाकने फिरणारे यांना मात्र खरोखर एकच पाते दोन्हीकडे लागते. त्यांनी एलसी200एन किंवा मॅग्नाकटचे, 9 ते 10 सेंटिमीटरचे, फुल टँग, प्लास्टिकच्या म्यानातले पाते घ्यावे आणि कटर तरीही जवळ ठेवावा.

चाकू कोणताही असो, पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावर संपूर्ण साहित्य अंगावर चढवून, हातमोजे घालून, आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने तो म्यानातून काढून पाहा. एका हाताने निघत नसेल तर त्याच दिवशी त्याची जागा बदला.